आधीं माणसें कीं कारखाने?

संगणकावरील खेळांचें नांव निघतांच वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, व तिला कारणेंही आहेत. परंतु सर्व खेळ एकाच तराजूंत तोलणें न्यायाचें नव्हे. १९९३ सालीं अमेरिकेंत सिमटेक्स या मंडळीनें रचलेला व मायक्रोप्रोजनें प्रसिद्ध केलेला ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ घ्या. एक ग्रह हातीं घेऊन तारामंडळांत राज्य वाढवावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे. लढाया आहेतच, पण मुलें फसतात ती रणांगणावर नव्हे, त्रैराशिकांत.

आरंभीं मूळ ग्रहावर लोकसंख्या ४० (प्रत्येक एकक दहा लक्षांचें), तिची मर्यादा १०० व कारखाने ३० असतात. एक एकक प्रजा दोनच कारखाने चालवूं शकते. अधिक बांधले तर ते नुसते उभे राहतात. चालू कारखाना वर्षास एक माप उत्पन्न देतो, तर प्रजेचें एक एकक स्वतःच्या हातांनीं अर्धें माप. नवा कारखाना बांधावयास १० मापें पडतात. कारखान्यांची घाणही उपसावी लागते. न उपसल्यास ग्रहाची मर्यादाच आकसते.

आतां नवी वसाहत पहा. तिचें गलबत २ एकक प्रजा घेऊन उतरतें. त्यांची कमाई वर्षास एक माप. म्हणजे पहिल्या कारखान्यास दहा वर्षें! मुलगा मात्र ‘कारखाने बांधा’ अशी आज्ञा सोडून स्वस्थ बसतो. तेथें मूळ ग्रहावरून १० एकक प्रजा पाठविली, तर कमाई ६ होते व तोच कारखाना दोन वर्षांच्या आंत उभा राहतो.

मग मुलें माणसें कां पाठवीत नाहींत? आपलें घर भरल्यावर उरेल तें द्यावें, हा शहाणपणा त्यांच्या अंगीं फार लवकर येतो. परंतु प्रजेची वाढ मर्यादेच्या निम्म्याच्या सुमारास सर्वांत वेगानें होते व मर्यादेजवळ अगदीं मंदावते. शिवाय ग्रह भरेपर्यंत प्रत्येक हातास दोन कारखाने लागलेले असतात. तेव्हां २० एकक हलविलीं कीं ४० कारखाने बंद पडलेच. उलट आरंभींच्या ४० पैकीं १० गेलीं तरी उरलेलीं ३० एकक ६० कारखाने चालवूं शकतात, आणि कारखाने तर तीसच. एकही बंद पडत नाहीं, व पडलेली उणीव भरावयास वेळ लागत नाहीं.

नवें जनपद परदेशांतून माणसें आणून किंवा स्वदेशांतील अतिरिक्त वस्ती नेऊन वसवावें, असें कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सांगितलें आहे. या खेळांत मात्र वस्ती अतिरिक्त होण्याची वाट पाहणारा राजा मागें पडतो. आचार्यांचा येथें इलाज नाहीं! अर्थात् प्रवासास वर्षें लागतात व वाटेवरची प्रजा कोठेंच राबत नाहीं, म्हणून दूरच्या ग्रहास घाईनें माणसें धाडूं नयेत.

पालकांनीं खेळ बंद करण्यापूर्वीं एवढा हिशेब मुलाकडून कागदावर करवून घ्यावा. तो साधला कीं पुढचा प्रश्न घालावा: नव्या यंत्रविद्येनें एक एकक प्रजा दोनांऐवजीं तीन कारखाने चालवूं लागली, व जुने कारखाने त्या रीतीस आणण्यास वेगळा खर्च पडला, तर भरलेल्या ग्रहावरून माणसें कधीं हलवावीं?