कोरोनाचा हिवाळा : थकबाकीदार कोण, आपण की सरकार?



"काय करता भाऊ, कोरोना आहे ना!" २०२०-२१ च्या हिवाळ्यात कन्हानमध्ये सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर मी हेच सांगेन. शिष्यवृत्ती का जमा झाली नाही? कोरोना आहे. रामटेकची पॅसेंजर कधी सुरू होणार? कोरोना आहे. उत्पन्नाचा दाखला का अडकला? कोरोना आहे. ठेकेदाराने हजेरी का कापली? कोरोना आहे. राज्यातल्या बारा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ ला मतदान झाले, घरोघरी प्रचार झाला, मिरवणुका निघाल्या. तिथे कोरोना आडवा आला नाही. आपल्या अर्जावर मात्र तो ठाण मांडून बसला होता.

कोरोना खोटा आहे असे मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काय झाले ते आपण पाहिले आहे. एका पलंगासाठी लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरले. मास्क लावणे, गर्दी टाळणे, नंबर येईल तेव्हा लस घेणे तेव्हा गरजेचे होते. पण आजार ही एक गोष्ट आहे आणि आजाराच्या नावावर आपला हक्क गिळून टाकणे ही दुसरी. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, तर आपल्या हाती फक्त थकलेली बिले राहतील.

वस्तीत फिरताना तरुणांची जी चिडचिड दिसते, ती मला काळजीत टाकते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणते, "दादा, माझंच डोकं चालत नाही, ऑनलाइन काही समजत नाही." घरात फोन एक, तो भावाच्या कामावर जातो, संध्याकाळी परत येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. तरी दोष ती स्वतःच्या डोक्याला देते. काम सुटलेला मुलगा म्हणतो, "माझंच नशीब खराब." आणि ज्याला राग बाहेर काढायला जागा मिळत नाही तो घरात काढतो, बायकोवर, आईवर, पोरांवर. नागपूरला धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मायबहिणींची कामे मार्च २०२० मध्ये सुटली, त्यातली अर्धीही परत आली नाहीत असे त्या सांगतात, आणि वरून घरातल्या सगळ्यांचा वैतागही त्यांनाच झेलावा लागतो.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सी. राइट मिल्स हे नाव ठाऊक असेल. १९५९ साली त्यांनी एक साधा फरक सांगितला. एका माणसाचे काम गेले तर ती त्याची खासगी अडचण असू शकते. हजारोंचे काम एकाच वेळी गेले तर तो सार्वजनिक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्या माणसाच्या स्वभावात किंवा नशिबात सापडत नाही, ते व्यवस्थेत शोधावे लागते. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज तरी काय? अस्पृश्यता हे मागच्या जन्माचे फळ आहे असे आपल्या आज्यापणज्यांना सांगितले गेले होते. बाबासाहेबांनी ते फळ नाही, माणसांनी केलेला अन्याय आहे हे दाखवून दिले. नशीब हा शब्द १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलेल्या समाजाच्या पोरांनी तो २०२१ मध्ये पुन्हा उचलावा?

आधी काय उघडले आणि कधी उघडले ते पाहा. हॉटेल आणि बार, ५ ऑक्टोबर २०२०. मंदिरे, आंदोलने आणि घंटानादानंतर, १६ नोव्हेंबर. नववी ते बारावीच्या शाळांना परवानगी २३ नोव्हेंबरपासून, तीही स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर. पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून. महाविद्यालये तेव्हाही बंदच होती. म्हणजे ज्याच्यासाठी कुणी रस्त्यावर आले ते आधी उघडले आणि ज्याच्यासाठी कुणी आले नाही ते शेवटी. आपल्या समाजाने २५ ऑक्टोबरला अशोक विजयादशमीचा सोहळा दीक्षाभूमीवर भरवला नाही, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला न जाता घरूनच अभिवादन केले. ही शिस्त होती आणि तिचा मला अभिमान आहे. पण शिस्त पाळणाऱ्याला व्यवस्था रांगेत मागे ढकलत असेल, तर रांगेबद्दल प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जानेवारी २०२१ मध्ये थकबाकीदारांची वीज कापण्याचे आदेश निघाले. "थकबाकीदार" हा शब्द वस्तीत तेव्हा शिवीसारखा वापरला जात होता. ही थकबाकी कशी तयार झाली? मार्च २०२० च्या शेवटी मीटर रीडिंग थांबले. मग सरासरीची बिले आली. सरासरी कोणत्या महिन्यांची? त्याआधीच्या हिवाळ्याची, जेव्हा पंखासुद्धा बंद असतो. इकडे एप्रिल-मे मध्ये विदर्भाच्या उन्हात, टाळेबंदीत, आख्खे घर कूलरसमोर बसून होते. जूनमध्ये खरे रीडिंग झाले आणि तीन महिन्यांचा फरक एका दमात अंगावर पडला. त्यात १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले. हप्त्यांची सोय दिली, एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट दिली. पण ज्याची रोजीच बंद होती तो एकरकमी कुठून भरणार? दिवाळीपर्यंत दिलासा मिळेल अशी आशा दाखवली गेली, आणि १७ नोव्हेंबर २०२० ला तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले की बिल भरावेच लागेल. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच सरकारने शंभर युनिट मोफत देण्याचा विचार बोलून दाखवला होता.

आणि हे सगळे कुठे घडले? कन्हानमध्ये! आपल्या आजूबाजूला वेकोलिच्या कामठी, इंदर, गोंडेगाव या खाणी आहेत. या पट्ट्यातला कोळसा वीज केंद्रांना जातो. जवळच कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच उभे आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे. खाणीची धूळ आपल्या छातीत, राख आपल्या नदीत, स्फोटांनी भिंतींना पडलेल्या भेगा आपल्या घरात. आणि ज्या घरातल्या माणसाने कोळसा काढला त्याच घराचा लाईट कापायला लाइनमन खांबावर चढणार होता. मग थकबाकीदार कोण?

इथे मला तुम्हाला बाबासाहेबांच्या त्या चार वर्षांकडे न्यायचे आहे, ज्यांबद्दल आपण जयंतीच्या भाषणात फार कमी बोलतो. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविकासाच्या धोरणावर बोलताना त्यांनी भूमिका मांडली की वीज स्वस्त आणि मुबलक हवी. त्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय या देशातला गरीब दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, खाली खाणीत उतरले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आणि २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा मागितला होता. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

वीज, कोळसा, शिष्यवृत्ती. या तिन्ही फाइली एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. आज कन्हानच्या एकाच घरात या तिन्ही गोष्टी अडलेल्या दिसतात: बापाची ठेकेदारीतली हजेरी, आईच्या हातातले लाईट बिल, लेकीची शिष्यवृत्ती. म्हणून मी म्हणतो की या सवलती नाहीत, हे आपले मांडलेले, लढून मिळवलेले हक्क आहेत. सवलत मागणारा हात जोडतो, हक्क मागणारा हिशेब मागतो.

शिष्यवृत्तीचाच हिशेब घ्या. २३ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यातले ३५,५३४ कोटी, म्हणजे ६० टक्के, केंद्र देणार. पेपरात मोठे मथळे आले, आपल्याही ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरले. पण त्याच घोषणेत आणखी एक कबुली होती, ती किती जणांनी वाचली? २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची मदत वर्षाला साधारण ११०० कोटीच होती. यापुढे ती पाचपटीहून जास्त करू, असे सरकार तेव्हा म्हणाले. मग त्या तीन वर्षांत ज्या मुलांची फी अडली, कॉलेजने ज्यांची मार्कशीट अडवली, ज्यांनी शिक्षणच सोडले, त्यांची थकबाकी कुणाच्या खात्यावर मांडायची? तेव्हा तर कोरोना नव्हता!

कोळशाचेही तसेच. टाळेबंदीतून लोक सावरलेही नव्हते तेव्हा, १८ जून २०२० ला, खासगी कंपन्यांसाठी व्यापारी कोळसा खाणींचा लिलाव सुरू झाला. २ ते ४ जुलैला कोळसा कामगारांनी संप केला. सप्टेंबरमध्ये संसदेने कामगार संहिता मंजूर केल्या. औद्योगिक संबंध संहितेत ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला सरकारच्या परवानगीशिवाय कपात करण्याची आणि कारखाना बंद करण्याची मुभा आहे. पूर्वी ही मर्यादा १०० ची होती. शाळा उघडायला कोरोना आडवा आला, कामगार कायदे बदलायला आला नाही. नीट लक्षात घ्या, दरवाजा कुणासाठी बंद होता आणि कुणासाठी उघडा.

आणि ९ जानेवारी २०२१ ची पहाट विसरता येणार नाही. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागली, १० बाळे गेली. त्या बाळांना कोरोनाने मारले नाही. गरिबाच्या दवाखान्याकडे वर्षानुवर्षे ज्या नजरेने पाहिले जाते, त्या नजरेने मारले.

काही मित्र म्हणतील, "तेव्हाचे ऊर्जामंत्री आपल्या माणसातले होते, उत्तर नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले होते. त्यांच्यावर टीका केली की फायदा भाजपला." हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. महावितरणची जुनी थकबाकी डोंगराएवढी आहे, केंद्र मदत करत नाही, हे त्यांचे म्हणणेही मी ऐकले आहे आणि त्यात तथ्य आहे. पण राखीव जागा कशासाठी मागितल्या होत्या? आपला माणूस खुर्चीत दिसावा म्हणून, की आपला प्रश्न त्या खुर्चीत बसावा म्हणून? आपल्या माणसाला प्रश्न विचारणे हा द्रोह नाही. उलट, ज्याला आपण प्रश्न विचारत नाही त्याच्यावर फक्त दुसऱ्यांचाच दबाव उरतो. आणि तेव्हा जे विरोधी पक्ष लाईट बिल जाळत होते, त्यांना कोळशाच्या लिलावाबद्दल आणि कामगार संहितांबद्दलही तितक्याच जोरात विचारा. दोन्हीकडे प्रश्न, कुणाचीही वेठबिगारी नाही.

आता काय करायचे? स्टेटस टाकून राग उतरवण्यापेक्षा थोडे कंटाळवाणे काम करू या.

पहिले, लाईट बिल. मार्च ते जून २०२० ची बिले शोधून ठेवा. जूनच्या बिलात युनिट तीन महिन्यांत विभागून दर लावला आहे का, हे दहावी पास मुलगाही तपासू शकतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज कापता येत नाही. बिलावर वाद असेल, तर हरकत नोंदवून मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरली तरी वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. लाइनमनशी भांडू नका, तोही बहुतेक ठेक्यावरचाच आहे. त्याला नोटीस दाखवायला सांगा.

दुसरे, दाखले आणि शिष्यवृत्ती. अर्ज दिला की पोच घ्या. "नंतर या" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे दाखल्यांना मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे. शिष्यवृत्ती कुठल्या टेबलावर अडली ते माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

तिसरे, ठेक्यावरचे कामगार. हजेरीचा फोटो रोज काढा, पगार बँकेत मागा, पीएफचा नंबर मागा. एकट्याने मागितला तर उद्या काम जाईल, म्हणून दहा जणांनी मिळून मागा.

आणि चौथे, हे सगळे एका वहीत लिहा. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात एक थकबाकीची वही ठेवू या. डाव्या पानावर सरकार आपल्याकडे काय मागते ते, उजव्या पानावर सरकारकडे आपले काय बाकी आहे ते: अडलेली शिष्यवृत्ती, कापलेली हजेरी, न मिळालेला दाखला, न उघडलेली अभ्यासिका. दर रविवारी वंदनेनंतर तासभर बसा. पन्नास घरांची वही घेऊन आपण तहसीलदारासमोर उभे राहिलो, तर "कोरोना आहे" एवढे उत्तर पुरणार नाही.

२६ जानेवारीला आपण संविधानाची उद्देशिका वाचू. त्यातला न्याय सामाजिक, आर्थिक आणि राजकीय आहे. त्याच दिवशी वहीचे पहिले पान लिहायला घ्या. ज्यांना बिल किंवा अर्ज तपासायला मदत हवी त्यांनी कागद घेऊन विहारात यावे, आम्ही काही जण तिथे असू.

जयभीम! जय संविधान!