सरमिसळीनंतर काय उरते?

11 ऑक्टोबर 1955 रोजी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे अणू सुटे सुटे पाहिले. त्या कामातून पुढे उभी राहिलेली अ‍ॅटम प्रोब टोमोग्राफी आज आयआयटी मद्रासच्या राष्ट्रीय सुविधेत आहे. तिथले यंत्र दुसऱ्या शहरात बसूनही चालवता येते. एका नमुन्यातून कोट्यवधी अणूंच्या जागा आणि वस्तुमाने हाती येतात. पुढे त्या आकड्यांशी झुंजायचे काम बहुधा विद्यार्थ्याच्याच वाट्याला येते.

अ‍ॅल्युमिनियम नसलेले सिलिकॉन पोलाद घ्या. वस्तुमान भागिले विद्युतभार अशा वर्णपटात 28 वरच्या शिखरात सिलिकॉन असतो, तसेच दोन विद्युतभारांचे 56 वस्तुमानाचे लोहही. सॉफ्टवेअर ते अख्खे शिखर एकाच्याच नावावर टाकते. पण 27 वरचे शिखर 54 वस्तुमानाच्या लोहाचे असते. निसर्गात 54 चे प्रमाण 5.8 टक्के, 56 चे 91.7. म्हणजे 27 वरच्या मोजणीच्या सुमारे पावणेसोळा पट वाटा 28 मधून लोहाला द्यायचा, उरेल तो सिलिकॉन. हे गणित एकदा हाताने केलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही तयार आकड्यावर डोळे झाकून विसंबत नाही.

अणूंच्या पुंजक्यांचे प्रकरण याहून नाजूक. किती अंतरावरचे अणू शेजारी मानायचे आणि किती जमले की पुंजका म्हणायचे, हे दोन्ही आकडे आपणच ठरवतो. अंतर सैल धरले तर एकजीव मिश्रधातूतही पुंजके ‘सापडतात’, कारण योगायोगानेही अणू जवळ येतातच. शिवाय शोधकाच्या हाती सगळे अणू लागतही नाहीत. चांगल्या यंत्रातही पाचातला एक निसटतो. म्हणून अणूंच्या जागा तशाच ठेवून त्यांची ओळख तेवढी पत्त्यांसारखी पिसायची, तीच मोजणी पुन्हापुन्हा करायची आणि खरा आकडा त्या पसाऱ्याच्या किती बाहेर पडतो ते पाहायचे. पायथनमध्ये हे फार मोठे काम नाही. तरीही नुसत्या रंगीत ठिपक्यांच्या चित्रावर प्रबंध मान्य होतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

मार्गदर्शकांनी मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न या सरमिसळीवरच विचारावा. आम्हीही पुढील अंकापासून पुंजक्यांवरच्या प्रत्येक लेखासोबत ते दोन आकडे, सरमिसळीचे निकाल आणि कोड मागणार आहोत. ‘पुंजके आढळले नाहीत’ असा निष्कर्ष नीट तपासून काढलेला असेल, तर तो लेखही आम्ही छापू.