मोटारीची कल्हई

गेल्या दसऱ्याच्या दिवशीं आमच्या घरीं जो प्रसंग घडला तो कांहीं मोठा नव्हे. परंतु त्यापासून आम्हांस जें शिकावयास मिळालें तें वाचकांस सांगण्याजोगें वाटल्यावरून या महिन्याचें सदर त्यासच देत आहों.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबांत नवी मोटार आली. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. तेव्हां हा खर्च एका हाताचा नव्हता. वडील बंधूंनीं आपल्या पेन्शनींतून, आम्हीं शिलकींतून आणि पुतण्यानें पगारांतून भर घातली. गाडी घरीं येण्यापूर्वीं पुतण्याच्या आग्रहावरून तिच्या रंगावर ‘सिरॅमिक’ लेप चढविण्यांत आला. त्यास पंचवीस हजारांवर रुपये पडले. दुकानदारानें पांच वर्षांची हमी लिहून दिली, आणि ‘आतां गाडीकडे पाहावयास नको’ असें तोंडानें सांगितलें. आम्हीं सर्वांनीं लेखी हमी न वाचतां कपाटांत ठेवली आणि तोंडचें वाक्य तेवढें मनांत ठेवलें.

दसऱ्यास वहिनींनीं गाडीस हळदकुंकू वाहिलें, झेंडूचा हार घातला. इतक्यांत ऊन वर आलें आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे व त्यांमध्यें पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी स्पष्ट दिसूं लागली. पूर्वीं पाणी टाकलें कीं त्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळत. तें आतां पसरून तेथेंच राहिलें. पुतण्या म्हणाला, ‘काका, लेप गेला.’ वडील बंधू म्हणाले, ‘दुकानदारानें फसविलें.’ आणि शेवटीं सर्वांचा रोष, रोज पहाटे सोसायटींतील गाड्या पुसणाऱ्या गड्यावर वळला. त्यास उद्यांपासून येऊं नको म्हणून सांगावें असें ठरलेंही.

आमच्या मातोश्री हें सर्व ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, कल्हई कधीं जन्माची असते का? पातेल्याची कल्हई उडाली म्हणून आम्हीं भांडीं घासणारणीस काढलें नाहीं. तिला राख चाळून दिली. आधीं त्याच्या हातांत तुम्हीं काय दिलें आहे तें पाहा.’

दुसऱ्या दिवशीं आम्ही पहाटे खालीं उतरून पाहिलें. एक बादली, एक जुन्या टॉवेलाचा तुकडा, आणि आठ गाड्या. पहिल्या गाडीचा चिखल त्याच पाण्यांत, त्याच फडक्यांत भरून शेवटच्या गाडीवर जात होता, आणि ती शेवटची गाडी आमची. विचारलें तेव्हां तो म्हणाला, ‘साहेब, रोज पुसायची म्हणून तुम्हींच सांगितलंत. पाणी एकच बादली मिळतं.’ त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

आतां या लेपाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. कारखान्यांतून आलेल्या मोटारीवर रंगाचे सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यांतील सर्वांत वरचा पारदर्शक थर सुमारें ४० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केंसाहूनही पातळ. गाडीची चकाकी ती याच थराची. सिरॅमिक लेप हा सिलिकॉनच्या संयुगांचा असून तो या थरास घट्ट चिकटतो. पण त्याची स्वतःची जाडी बहुधा एकदोन मायक्रॉनच असते. ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या झाडापासून निघणारें कार्नोबा मेण कांहीं आठवड्यांत उतरतें; हा लेप वर्षानुवर्षें टिकूं शकतो, हा त्याचा खरा गुण. ऊन, पाऊस व मळ यांचा पहिला मारा तो आपल्यावर घेतो.

परंतु त्याच्या नांवावर जें खपविलें जातें तें सर्व खरें नव्हे. ‘नऊ एच’ कठीणपणा असें जाहिरातींत छापतात. हें माप पेन्सिलींच्या शिशाचें आहे. रत्नांच्या कठीणपणाशीं त्याचा संबंध नाहीं. रस्त्यावरील धुळींत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी कांचेवरही चरा पाडते. असे कण फडक्याखालीं रगडले तर एकदोन मायक्रॉनचा लेप काय करणार? पुढच्या चाकांखालून उडणारा खडाही त्यास अडत नाहीं. त्याकरितां दीडशें ते दोनशें मायक्रॉन जाडीचा पॉलियुरेथेनचा पडदा वेगळा मिळतो, आणि तो पुष्कळच महाग असतो.

विक्रेते कमळाच्या पानाचाही दाखला देतात. बार्थलॉट व नाइनहाउस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं दाखविलें कीं, त्या पानावरील सूक्ष्म उंचवटे व मेण यांमुळें पाण्याचा थेंब घरंगळतांना धूळही बरोबर नेतो. दाखला सुंदर आहे. पण जिवंत पान आपलें मेण पुन्हां निर्माण करतें, मोटारीस तें साधत नाहीं. तेथें तें काम घरच्या माणसांनाच करावें लागतें.

आमच्या गाडीचा लेप खरोखर गेला होता काय? एका जाणत्या कारागिरानें गाडी आधीं साध्या साबणानें धुतली, नंतर क्षार उतरविणारें सौम्य आम्ल लावून लगेच धुऊन काढली. तों काय आश्चर्य! टपावर आणि दारांवर पाण्याचे थेंब पूर्वींसारखे उभे राहिले. लेप गेला नव्हता. आमच्या बोअरच्या जड पाण्यांतील क्षारांखालीं व धुरळ्याखालीं तो दडला होता. थेंब न धरणें म्हणजे लेप संपणें, ही समजूत चुकीची आहे. बॉनेटवरचे ओरखडे मात्र राहिले. ते काढण्यास पॉलिश करावें लागेल, आणि पॉलिश म्हणजे लेपाबरोबर खालच्या पारदर्शक थराचेही कांहीं मायक्रॉन घासून टाकणें. असें फार वेळां करतां येत नाहीं. हमीचा कागदही आम्हीं तेव्हां प्रथमच वाचला. दरवर्षीं दुकानांत तपासणी न केल्यास ती रद्द होते, आणि ओरखडे, पाण्याचे डाग व पक्ष्यांची विष्ठा तींत मुळींच धरलेलीं नाहींत. दुकानदारानें फसविलें म्हणण्यास आम्हांस जागा उरली नाहीं.

त्यानंतर आमच्या घरीं जे नियम ठरले ते असे. कोरड्या धुळीवर फडकें कधींही फिरवूं नये. आधीं भरपूर पाण्यानें धूळ वाहून जाऊं द्यावी. बादल्या दोन असाव्यात, एक साबणाची व एक हातमोजा खळबळण्याची. साबण मोटारीकरितां मिळणारा सौम्य घ्यावा. भांड्यांची पावडर नको. धुणें सावलींत व वरून खालीं करावें आणि पाणी अंगावर वाळूं न देतां मऊ मायक्रोफायबर फडक्यानें लगेच टिपावें. पक्ष्यांची विष्ठा उन्हांत वाळली तर रंगांत उतरते. ती खरवडूं नये, ओलें फडकें थोडा वेळ वर ठेवून अलगद उचलावी. तीनचार महिन्यांनीं क्षार उतरवून वर सिलिकाचा फवारा द्यावा. आणि दसऱ्यास हळदकुंकू विड्याच्या पानावर वाहून तें पान बॉनेटवर ठेवावें. कोरडें कुंकू हातानें पुसण्याचा मोह टळतो. ही शेवटची युक्ति मातोश्रींची.

गाडी वापरांत थोडी आणि छपराखालीं उभी राहणारी असेल, तर मेणावरही काम भागतें. लेप द्यावयाचाच असेल तर तो देतांना, पुढें धुणार कोण, कशानें व किती वेळां, हें घरांत आधीं ठरवावें. लेपाची किंमत एकदां द्यावी लागते. निगा आठवड्यास लागते.

गाड्या पुसणारा गडी अर्थातच कामावर आहे. त्यास आम्हीं दोन बादल्या व सहा फडकीं दिलीं, रोजचें पुसणें बंद करून आठवड्यांतून दोनदां धुण्याचें काम ठेवलें आणि महिना वाढविला. वडील बंधूंनीं त्यास बोलावून, ‘त्या दिवशीं आमचेंच चुकलें’ असें सांगितलें. गेल्या आठवड्यांत शेजारच्या बिऱ्हाडाच्या गाडीवर कोरडें फडकें फिरवीत असलेल्या ड्रायव्हरास तोच थांबवून समजावीत होता, हें आम्हीं गॅलरींतून पाहिलें. बॉनेटला पॉलिश अद्याप केलेलें नाहीं. वर्षभर नीट निगा राखून काय फळ मिळतें तें पाहूं, आणि पुढील दसऱ्यास याच सदरांतून वाचकांस कळवूं.