मुलाचा खोकला आठवडा झाला तरी जात नाहीये, सिरप द्यायचं की थांबायचं?

मुलाला सर्दी झाली, दोन दिवस ताप आला आणि उतरला. घसा दुखतोय म्हणून जेवण कमी झालं. पण खोकला काही जाईना. आठवडा उलटतो, रात्रीची झोपमोड होते. आजी म्हणते काढा दे, शेजारच्या काकू त्यांच्याकडची उरलेली बाटली आणून देतात आणि मेडिकलवाला वय न विचारताच एक सिरप पुढे करतो.

एरवी यातलं काहीतरी एक केलं जातं आणि विषय तिथेच संपतो. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात २० हून अधिक मुलांचा जीव गेला, त्याची सुरुवात अशाच साध्या सर्दी-तापाने झाली होती. तेव्हापासून ‘कोणतं सिरप सुरक्षित आहे?’ हा प्रश्न सगळे विचारतायत. पण त्याच्या आधीचा प्रश्न आहे, या खोकल्याला सिरप लागतं का?

छिंदवाड्यात नेमकं काय झालं?

परासिया भागातल्या मुलांना सर्दी-खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ नावाचं सिरप देण्यात आलं होतं. त्यानंतर मुलांना लघवी होणं कमी झालं आणि किडन्या निकामी झाल्या. यातल्या अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूच्या औषध विभागाने कांचीपुरममधल्या कारखान्यातलं सिरप तपासलं, तेव्हा ‘एसआर-१३’ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं, तेही ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का. महाराष्ट्राच्या एफडीएनेही ही बॅच विकू किंवा वापरू नका, असा इशारा दिला.

डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांमध्ये वापरलं जाणारं रसायन आहे. चवीला गोड, त्यामुळे सिरपमध्ये मिसळलं गेलं तरी जिभेला कळत नाही. महाराष्ट्राला हे विष नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता.

मग भेसळ नसलेलं सिरप चालेल?

भेसळ नसेल तर विषाचा धोका नाही, पण फायदाही फारसा नाही. लहान मुलांचा खोकला या सिरपनी लवकर बरा होतो, याचे ठोस पुरावे नाहीत. गुंगी येणं, छातीत धडधडणं असे दुष्परिणाम मात्र होऊ शकतात.

म्हणूनच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं, की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या जोडीच्या औषधावर ‘४ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असा इशारा छापण्याचे आदेश तर डिसेंबर २०२३ मध्येच निघाले होते.

खोकला इतके दिवस का राहतो?

बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. ताप दोन-चार दिवसांत जातो, घसा साधारण आठवडाभरात बरा होतो, पण श्वासनलिकेची सूज उतरायला वेळ लागतो. त्यामुळे सर्दीनंतरचा खोकला दोन ते तीन आठवडे टिकू शकतो. त्यात लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होऊ शकते. एक संपते न संपते तोच शाळेतून दुसरी येते आणि पालकांना वाटतं, महिनाभर एकच खोकला चाललाय.

घसा दुखतोय, मग अँटिबायोटिक?

अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. ते लागतं जिवाणूंमुळे घसा दुखत असेल तर. तेव्हा ताप चांगलाच असतो, गिळताना खूप दुखतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, मानेला गाठी येतात आणि खोकला बहुधा नसतो. म्हणजे नाक वाहतंय आणि खोकलाही आहे, तर विषाणूचीच शक्यता जास्त. पण जिवाणूंचा संसर्ग अंगावर काढणंही बरं नाही, त्यातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा आणि अँटिबायोटिक दिलंच तर कोर्स पूर्ण करायचा.

घरी काय करायचं?

- थोडं थोडं कोमट पाणी, वरण, सूप देत राहा.
- १ वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या. १ वर्षाखाली मध अजिबात नको, बोटुलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो.
- नाक बंद असेल तर सलाइनचे थेंब. गुळण्या करता येत असतील तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.
- उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊ नका. मुलं भाजण्याचे प्रकार यातूनच होतात.
- घरात धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल आणि सिगारेट बंद.

थांबायचं, पण कुठपर्यंत?

खोकला कधी सुरू झाला, ती तारीख लिहून ठेवा. दोन आठवडे झाले आणि खोकला कमी होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप, वजन घटणं किंवा घरात कुणाला टीबी असेल तर टीबीची तपासणी हवीच. चार आठवड्यांपुढे गेलेल्या खोकल्यामागे दमाही असू शकतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नका:

- मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर श्वास वेगात आहे.
- श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं.
- मूल पाणी पीत नाही, सुस्त पडलंय.
- ३ महिन्यांखालच्या बाळाला ताप.
- शेंगदाणा, फुटाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला सुरू झाला.
- कोणतंही सिरप दिल्यावर उलट्या होणं किंवा लघवी कमी होणं. अशा वेळी बाटली सोबत न्या.

डॉक्टरांनी सिरप लिहिलं, तर ‘हे नेमकं कशासाठी? या वयाला चालतं का?’ असं बिनधास्त विचारा. आणि शेजारच्या काकूंनी आणून दिलेली ती अर्धी बाटली? ती मुलाला देऊ नका. कुणाच्या वयाला, कुणाच्या वजनाला आणि कधी लिहिली होती, हे त्या बाटलीवर कुठेच छापलेलं नसतं.