बॅरन बेटावर उतरू देत नाहीत, ते बरंच आहे
कॅडेट, इयत्ता १० वी

दिवाळीच्या सुट्टीनंतर हाउसमध्ये परत आलो तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, "लाव्हा बघितलास का?" नाही बघितला. "मग बेटावर तरी उतरलास का?" तेही नाही. "मग गेलास कशाला?" असं म्हणून सगळे प्रेपला निघून गेले. तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

बाबांना यंदा एलटीसी मिळाली म्हणून आम्ही वाराणसीहून कोलकातामार्गे अंदमानला गेलो. सेल्युलर जेल पाहिलं, सावरकरांची कोठडी पाहिली. त्यावर दर वर्षी या पानावर कोणी ना कोणी लिहितंच, म्हणून मी लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते बॅरन बेटाबद्दल.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर हे बेट आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच. बेट अवघं तीन-एक किलोमीटर रुंद आणि समुद्रसपाटीपासून ३५४ मीटर उंच. पण हा फक्त वरचा शेंडा. समुद्राच्या तळापासून मोजलं तर डोंगर दोन किलोमीटरहून जास्त भरतो. भारतीय भूपट्ट इथे शेजारच्या पट्टाखाली सरकत जातो आणि खोलवर तयार झालेला शिलारस वाट काढून वर येतो. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उद्रेकांनंतर तो इतका काळ गप्प राहिला की विझलाच असं वाटावं, आणि १९९१ मध्ये पुन्हा पेटला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्या भागात काम करत असताना त्यांच्यासमोरच त्यानं राख उडवायला सुरुवात केली. बेटावर माणूस राहत नाही. शेळ्या आहेत. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी जहाजातून आणून सोडलेल्या शेळ्यांचे ते वंशज. ज्वालामुखीवर शेळ्या काय खाऊन जगत असतील हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीनं बोटीवर किमान दहा जणांना विचारला.

बोट रात्री सुटली. मला समुद्र लागला, त्याचं वर्णन नको. पहाटे सगळे डेकवर आले तेव्हा समोर एक मोठा फुटका वाडगा पालथा नव्हे, उताणा ठेवावा तसं बेट होतं. पश्चिमेची कड तुटलेली, आत मधोमध काळा शंकू, त्याच्या टोकावर बारीक धूर. तुटलेल्या बाजूनं काळा दगड थेट पाण्यापर्यंत उतरलेला. आपल्या सह्याद्रीचा कातळसुद्धा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे हे भूगोलात शिकलो होतो. पण ज्या मैदानावर रोज पीटी करतो तो दगड कधी असा वाहत आला असेल, हे तिथे पहिल्यांदा पटलं.

बोटीवर आधीच सांगितलं होतं की बेटावर उतरायला परवानगी नाही, फक्त लांबून बघायचं. तरी एक गृहस्थ खलाशाशी वाद घालू लागले, "एवढे पैसे घेता आणि पाच मिनिटं उतरवत नाही?" खरं सांगतो, मी मनातून त्यांच्या बाजूनं होतो. इतकंच नाही, मी स्वतः त्या खलाशाला जाऊन म्हणालो, "अंकल, मैं कैडेट हूँ, थोड़ा और पास ले चलिए ना." तो हसला. म्हणाला, "बेटा, नियम फॉरेस्टवालों का है, मेरा नहीं." मग मी कठड्याला रेलून मिळेल तितकं झूम करून व्हिडिओ काढत बसलो.

रात्री हॉटेलवर तो व्हिडिओ बघताना मात्र मला झोप येईना. खाली पाणी, वर काळपट उतार, त्यावर धूर, आणि मागे माणसांचा आवाज, "वो देखो, वो देखो!" असाच व्हिडिओ कुणाच्या तरी फोनमध्ये माझ्या आजोबांचा असणार.

हे नीट सांगायला हवं. आमचं घर वाराणसीत ब्रह्माघाटाजवळ आहे. तिथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मे महिन्यात मी सुट्टीवर घरी असताना आजोबा गेले. गल्ल्यांतून त्यांना मणिकर्णिकेला नेलं. बाबांनी अग्नी दिला आणि आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. तेवढ्यात समोर एक नाव येऊन थांबली. वीसेक लोक होते, जवळजवळ सगळ्यांचे फोन वर. एक मुलगा, माझ्याच वयाचा असेल, नावेच्या टोकाशी उभा राहून झूम करत होता. मी विटेचा तुकडा उचलला. काकांनी मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "टाक तो खाली. बाबा बघतायत." मी टाकला. पण त्या मुलाचा चेहरा माझ्या डोक्यातून सहा महिने गेला नव्हता. बॅरनच्या व्हिडिओनंतर तो चेहरा माझाच वाटू लागला. त्याला काही वाईट करायचं नव्हतं. लांबून आला होता, पैसे भरले होते, समोर धूर दिसत होता.

ज्वालामुखीला फोटोचं काही वाटत नाही, हे मला कळतं. चितेची आणि डोंगराची तुलना करू नये असं कुणी म्हणेल, तर मान्य. मी तुलना करतो आहे ती दोन बोटींची.

आणि प्रवासी येऊच नयेत असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायचा अधिकारही नाही. आमच्या घरात आजोबांच्या वडिलांपासून महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू उतरायचे. आजोबा त्यांचं पौरोहित्य करायचे. माझ्या शाळेची फी सुरुवातीला त्याच पैशांतून आली. अहिल्याबाई होळकर, बायजाबाई शिंदे यांनी काशीत मंदिरं आणि घाट बांधले तेही येणाऱ्यांसाठीच. लोकांनी यावं. प्रश्न कुठे थांबायचं एवढाच आहे.

अंदमानात ही रेघ आखलेली दिसते. बारातांगला चिखलाचे ज्वालामुखी बघायला जाताना रस्ता जारवांच्या जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात, मध्ये थांबायचं नाही, जारवांचे फोटो काढणं गुन्हा आहे. ही रेघ उगाच आलेली नाही. २०१२ साली जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचवल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर संताप झाला. माणूस नसलेल्या बेटावरही रेघ लागते. नारकोंडमवर, जिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही, पोलिस चौकीसाठी नेलेल्या शेळ्या इतक्या वाढल्या की जंगलाला झळ बसली आणि शेवटी त्या हलवाव्या लागल्या. नेणाऱ्यांनी चार शेळ्यांचा एवढा विचार केला नसणार. बॅरनवरही 'पाच मिनिटं' म्हणून उतरणारा कुणी पाचच मिनिटं थांबणार नाही. मी तर नक्की खिशात दगड घालून आणला असता.

मणिकर्णिकेवर रेघ आहे, पण ती फक्त पायऱ्यांवर. घाटावर कुणी फोन काढला तर लोक हटकतात. नावेतल्या माणसाला कोण हटकणार? नावाड्यानं हटकावं असं म्हणणं सोपं आहे. परतल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका नावाड्याला तेच म्हणालो. त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणतो. ते म्हणाले, "तुम लोग फौजी स्कूल में हुकुम देना सीखते हो. हम मना करेंगे तो सवारी कल दूसरी नाव में बैठेगी." मला उत्तर सुचलं नाही. गाडीत बसल्यावर सुचलं. त्या खलाशाला नाही म्हणताना काहीच गमवावं लागलं नाही, कारण नियम त्याचा नव्हता. चाचांनाही असंच म्हणता यायला हवं. नावेच्या परवान्यावर, दर लिहिलेल्या फलकावर, मोठ्या क्रूझच्या तिकिटावर एक ओळ असावी: मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटासमोर नाव थांबवायची नाही, फोन खाली. सगळ्या नावांना एकच नियम असेल तर कुणाचीही सवारी दुसऱ्या नावेत जाणार नाही.

आम्हा काही जणांना उद्या जहाजावर किंवा चौकीवर उभं राहून लोकांना 'इथून पुढे नाही' म्हणावं लागेल. मी बॅरनचा व्हिडिओ अजून पुसलेला नाही. हाउसमध्ये ज्यांना बघायचा असेल त्यांनी सुट्टीत घरी आल्यावर मागावा. चाचांना मात्र मी पत्र लिहिलं आहे, आणि महापालिकेला लिहायच्या अर्जाचा मसुदा हिंदीच्या सरांकडे तपासायला दिला आहे. त्यांनी त्यात आतापर्यंत अकरा चुका काढल्या आहेत.