‘१०० टक्के मृत्यू’वाली करोनाची बातमी : चार उंदरांवरून आपण किती घाबरायचं?

जानेवारी २०२४ मध्ये मोबाइलवर एक बातमी फिरत होती : चीनच्या प्रयोगशाळेत नवा करोना, मृत्युदर १०० टक्के! ती वाचून माझ्याकडे येणाऱ्या एका मधुमेही आजोबांनी सकाळचं फिरणंच बंद केलं. दोन आठवड्यांनी तपासली तेव्हा साखर वाढलेली होती. असे फॉरवर्ड तुमच्याकडेही येत असतील, म्हणून ही बातमी नीट समजून घेऊ.

प्रयोग काय होता?

बीजिंगमधील संशोधकांनी खवले मांजरात सापडलेल्या एका करोना विषाणूचा प्रयोगशाळेत बदललेला प्रकार चार उंदरांना दिला. आठ दिवसांत चारही मेले. ‘१०० टक्के’ म्हणजे एवढेच चार उंदीर! बातम्या आल्या तेव्हा हा शोधनिबंध इतर तज्ज्ञांनी तपासलेलाही नव्हता.

हे उंदीर साधे नव्हते

करोना आपल्या पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. उंदराचं एसीई-२ वेगळं असतं, त्यामुळे कोविडचा मूळ विषाणू साध्या उंदरांना नीट लागत नव्हता. म्हणून माणसाच्या एसीई-२चं जनुक घातलेले उंदीर वापरतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सार्सच्या अभ्यासासाठी असे उंदीर आधीच तयार झाले होते. २०२० मध्ये ते कामी आले.

अडचण अशी, की यातल्या काही उंदरांच्या मेंदूतही हे प्रथिन तयार होतं. विषाणू मेंदूत शिरतो आणि उंदीर त्यानं दगावतो. माणसात गंभीर कोविडचा मुख्य घाव फुप्फुसांवर असतो. बीजिंगच्या उंदरांच्या मेंदूतही विषाणू भरपूर सापडला, आणि मृत्यूचं कारण तेच असावं, असं खुद्द संशोधकांनी म्हटलं. याच विषाणूनं आधीच्या प्रयोगात हॅमस्टर गंभीर आजारी पडले नव्हते.

मग उंदरांवर प्रयोग कशाला?

कारण काही गोष्टी माणसात तपासताच येत नाहीत. रोगप्रतिकारशक्तीतील एखाद्या प्रकारच्या पेशी काढून टाकल्या तर संसर्ग किती बळावतो, हे उंदरात पाहता येतं. धोक्याची सूचनाही आधी मिळते. सार्सवरच्या काही प्रायोगिक लसी दिलेल्या उंदरांना नंतर विषाणू दिल्यावर फुप्फुसांत वेगळ्या प्रकारची सूज आढळली होती (२०१२). त्यामुळे कोविडच्या लसी तपासताना या धोक्याकडे मुद्दाम लक्ष दिलं गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी हॅमस्टर आणि माकडांवरही झाली.

म्हणजे उंदीर आपल्याला दिशा दाखवतो. माणसाचा मृत्युदर मात्र त्याच्यावरून काढता येत नाही.

अशी बातमी आली तर हे तीन प्रश्न विचारा

- प्रयोग कोणावर झाला : पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर?
- संख्या किती होती?
- इतर तज्ज्ञांनी तो तपासला आहे का?

‘अमुक औषधानं उंदीर बरे झाले’ या बातमीलाही हेच प्रश्न लावा. तिच्या भरवशावर स्वतःची औषधं बदलू नका, बंद करू नका. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. धाप लागत असेल तर अजिबात थांबू नका.

आजोबांना मी एवढंच सांगितलं : “त्या चार उंदरांपेक्षा तुमची वाढलेली साखर जास्त धोक्याची आहे.” दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा फिरायला जाऊ लागले.