बियाणं पारखता, मग प्रोसेसर का नाही?

शेतकरी बंधूंनो, सोयाबीन पेरण्याआधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ७० उगवले तर पेरायचं. पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. मग उसाच्या बिलातून पोराला संगणक घेताना खोक्यावरच्या आकड्याला का भुलायचं?

१९९८ साली सांगली-कोल्हापूरच्या वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेतून ७० गावांत संगणक आले. तो खर्च शासनाचा आणि वारणा समूहाचा होता. आज पैसा आपल्या खिशातला जातो. तेव्हा पारखही आपणच केली पाहिजे.

दुकानात पोरगं म्हणतं, गेम लावून बघू. रागावू नका, त्याचं बरोबर आहे. बैलाचा दम रिकाम्या गाडीवर कळत नाही, ऊस भरल्यावर कळतो. टायपिंग कोणताही प्रोसेसर ओढतो. गेममध्ये मात्र दर सेकंदाला नवी चित्रं काढावी लागतात, तिथं खरी कसोटी.

स्वस्त संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड बहुधा नसतं. उदाहरणार्थ, एएमडीचा २०१९ चा रायझन ३ ३२००जी. यात चार कोर असून चित्राचा भाग प्रोसेसरच्या पोटातच आहे. त्याला स्वतःची मेमरी नाही, तो रॅममधूनच उसनी घेतो. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. दोन पाटांनी पाणी आलं की रान लवकर भिजतं, तसंच हे. गेममध्ये फरक डोळ्यांनी दिसतो.

आता चाचणी. पोरगं खेळतं तोच गेम अर्धा तास चालवा. सेकंदाला किती चित्रं येतात, म्हणजे एफपीएस, तो आकडा पडद्यावर लावायला सांगा. ६० च्या आसपास राहिला तर उत्तम, ३० च्या खाली गेला की चित्र अडखळतं. सुरुवातीचा आकडा धरू नका. प्रोसेसर तापला की आपला वेग कमी करतो, म्हणून शेवटचा आकडा लिहून घ्या. गार दुकानातच आकडा घसरला, तर मे महिन्यात जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या पत्र्याच्या खोलीत काय होईल, तुम्हीच ओळखा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं. दाखले काढायच्या संगणकाला गेमची ताकद लागत नाही. त्यासाठी गावाचा जादा पैसा घालू नका.

आणि दुकानदार चाचणीला नाही म्हणाला, तर सरळ उठा. दाणे न दाखवणाऱ्याकडून आपण बियाणं घेतो का?